जर्मनीचं ब्लू कार्ड: राजीनामा देण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, मेकॅनिकल इंजिनियर. अंबड एमआयडीसीत सुट्या भागांच्या डिझाइनचं काम करतो. स्टुटगार्टजवळच्या एका पुरवठादार कंपनीचं ऑफर लेटर आलं आहे. पगार वर्षाला ४७,००० युरो आणि कामगिरीनुसार ५,००० पर्यंत बोनस. त्यांच्या एचआरने मेलमध्ये "ब्लू कार्डसाठी अर्ज करा" एवढंच लिहिलंय (म्हणजे पदवीधरांना तिथे राहून नोकरी करायला मिळणारा परवाना). इथे माझा नोटिस पीरियड दोन महिन्यांचा आहे आणि तिकडे त्यांना मी लवकरात लवकर रुजू व्हायला हवा आहे. आत्ताच राजीनामा द्यावा का?

दुसरं म्हणजे माझी डिग्री २०११ ची. त्यावर 'पुणे विद्यापीठ' असं छापलंय, पण आता नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. त्याने काही अडेल का? आणि तिसरं, बायको नर्स आहे (बी.एस्सी. नर्सिंग, नाशिकच्याच एका हॉस्पिटलमध्ये आठ वर्षं). तिला तिकडे काम करता येईल का? घरी आई-वडील आहेत, मुलगी दुसरीत आहे. उडी मारायची तर पाय नीट रोवून मारायची आहे, म्हणून इतकं विचारतोय.

ईसारतीर

अभिनंदन! मी म्युनिकला असतो. आधी पगाराचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच असतात.

ब्लू कार्डाची किमान पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते. २०२६ साठी सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. ज्या व्यवसायांत माणसांचा तुटवडा आहे त्यांच्यासाठी ४५,९३४.२० युरो. इंजिनियर, आयटी, गणित, नैसर्गिक विज्ञान, डॉक्टर ही मंडळी या दुसऱ्या यादीत येतात. गेल्या तीन वर्षांत पदवी मिळालेल्यांनाही हीच कमी मर्यादा लागते. म्हणजे तुमचे ४७,००० चालतील, पण कमी मर्यादेखाली. तिथे एक जादा पायरी आहे: जर्मनीच्या रोजगार खात्याची, म्हणजे बुंडेसआगेन्टूरची संमती. तुमच्या कामाला तिथल्या माणसाला जो पगार मिळाला असता तोच तुम्हाला मिळतोय ना, हे ते बघतात. ही संमती तुम्ही मागायची नसते, व्हिसाचा अर्ज गेला की कार्यालयं आपापसात मागवतात. मात्र त्यासाठी तुमच्या कंपनीने एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्याचं नाव लांबलचक आहे, सगळे नुसतं 'एर्क्लेरुंग' म्हणतात. त्यात आठवड्याचे तास, एकूण पगार, सुट्ट्या, कामाचं वर्णन असं सगळं येतं.

बोनस विसरा. कंपनीच्या किंवा तुमच्या कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम मर्यादेत धरत नाहीत. करारात तेरावा पगार (वर्षाला एका जादा महिन्याचा) नक्की देणार असं लिहिलेलं असेल तर तो धरतात.

आणि राजीनामा अजिबात देऊ नका.

एचआरवाली_पुणे

राजीनाम्याबद्दल ईसारतीर यांना शंभर टक्के अनुमोदन. मी चाकणच्या एका कंपनीत एचआरला आहे आणि आमच्याकडून जर्मनीला गेलेल्या बऱ्याच जणांचे कागद हाताखालून गेलेत.

तुमच्याकडे आत्ता ऑफर लेटर आहे. अर्जाला सही केलेला करार लागतो. करारात रुजू होण्याची तारीख पक्की न टाकता "व्हिसा मिळाल्यावर" असं वाक्य घालून घ्या. जर्मन कंपन्यांना हे नवीन नाही, मागितलं की देतात. कराराची मुदत किमान सहा महिन्यांची हवी, नाहीतर ब्लू कार्ड मिळत नाही. प्रोबेशन किती ते बघा. कायद्याने जास्तीत जास्त सहा महिने असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काम थांबवता येतं. ही जोखीम घरच्यांना आधीच समजावून सांगा, कारण मुलीची शाळा आणि घर दोन्ही त्यावर अवलंबून आहे.

तुमच्या इथल्या कंपनीला दोन महिने हवेत आणि त्यांना तुम्ही लगेच हवे आहात, यात तुमची बाजू कमकुवत नाही. त्यांना खरोखर घाई असेल तर 'जलद प्रक्रिया' आहे. कंपनी तुमच्या वतीने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात (औसलेंडरबेहोर्डे) अर्ज करते, सरकारी फी ४११ युरो. पदवीची मान्यता, रोजगार खात्याची संमती हे सगळं तिकडेच गोळा होतं. मग तुम्हाला पूर्वसंमतीचं पत्र येतं आणि ते दाखवलं की वकिलातीने तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट द्यायची आणि पूर्ण अर्ज पोचल्यावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय द्यायचा असा नियम आहे. कंपनीला हे सुचवून पाहा. घाई त्यांची, तर फीही त्यांनीच भरावी असं मला स्पष्टपणे वाटतं.

एक कळकळीने सांगते. करारातलं पदाचं नाव, एर्क्लेरुंगमधलं पदाचं नाव आणि तुमच्या अनुभवपत्रातलं काम हे तिन्ही एकमेकांशी जुळलं पाहिजे. करारात 'टेक्निकल असोसिएट' आणि फॉर्ममध्ये 'डिझाइन इंजिनियर' असं आलं की फाइल परत येते आणि नंतर कोणाला दोष द्यावा तेच कळत नाही. पीडीएफ आली की सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचा.

मृण्मयी

डिग्रीचं मी सांगते, कारण यात नवऱ्याचे आणि माझे असे दोन वेगवेगळे प्रकार आमच्या घरात झालेत.

'अनाबिन' नावाची जर्मन सरकारी वेबसाइट आहे. सगळी जर्मनमध्ये, जुन्या धाटणीची, पण घाबरू नका. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या. एक म्हणजे विद्यापीठ. भारत निवडा, शहर पुणे, आणि विद्यापीठाच्या नावापुढे काय शेरा आहे ते बघा. 'एच प्लस' असेल तर संस्था मान्य. 'एच प्लस-मायनस' म्हणजे काही अभ्यासक्रम मान्य, काही नाहीत, म्हणजे खोलात जावं लागणार. कॉलेजचं नाव शोधत बसू नका. डिग्री ज्याने दिली ते विद्यापीठ महत्त्वाचं, कॉलेज नाशिकचं असो नाहीतर नगरचं. दुसरी गोष्ट पदवी. 'बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग' काढा आणि तुलनेच्या रकान्यात 'एन्टश्प्रिश्ट' (जुळते) किंवा 'ग्लाइशवेर्टिग' (समतुल्य) आलं की झालं. दोन्ही पानांची प्रिंट घ्या, तारखेसकट, आणि अर्जाला जोडा.

माझी संस्था अभिमत विद्यापीठ होती आणि शेरा अर्धवट होता, त्यामुळे मला बॉनच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागलं. त्याची फी २०८ युरो. पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पासपोर्ट हे ऑनलाइन चढवायचं. प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावर भागत नाही, पदवीदान समारंभानंतर मिळतं ते मूळ प्रमाणपत्रच लागतं. ज्यांनी अजून विद्यापीठातून ते उचललेलं नाही त्यांनी आजच अर्ज करावा.

विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं हे सगळ्यांना माहीत आहे, त्याने काही अडत नाही. सोबतच्या पत्रात एक ओळ लिहा: "सदर विद्यापीठाचे नाव २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे आहे." बस.

गोदाकाठी

केवढी मदत केलीत सगळ्यांनी! अनाबिनवर बघितलं, विद्यापीठ 'एच प्लस' आहे आणि बी.ई. साठी 'एन्टश्प्रिश्ट' दिसतंय. जीव भांड्यात पडला.

आता नवीन प्रश्न. डिग्रीवर नाव आडनाव-नाव-वडिलांचं नाव अशा क्रमाने आहे. पासपोर्टात नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात. बायकोचं तर विचारूच नका. नर्सिंगची डिग्री आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं फक्त पहिलं नाव.

मृण्मयी

हा आपल्याकडच्या प्रत्येक घरातला प्रश्न आहे. क्रम वेगळा असणं ही अडचण नाही, तिथल्या कारकुनांना आता भारतीय कागद सवयीचे झालेत. अडचण येते ती नाव बदलतं तिथे. पत्नीसाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सगळ्यात मोठा पुरावा. महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं सरकारी प्रमाणपत्र हवं, मंगल कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाचा दाखला चालत नाही. त्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव नीट आलंय का बघा. मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं पूर्ण नाव घालून नवीन प्रत काढून घ्या. इथे एका फेरीत होणारं काम तिकडून करायला गेलात तर नातेवाइकांना पळापळ करावी लागते.

जुने दाखले नुसते मराठीत असतील तर अधिकृत भाषांतर लागेल. आणि हो, अपोस्टिलच्या (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) नावाखाली पैसे घालवू नका. भारत हेगच्या अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे या दोन देशांत तो करार लागू नाही. जर्मन कार्यालयाला कागदाबद्दल शंका आली तर पडताळणी वकिलातीमार्फत होते.

संदीप७७

इतकी डोकेफोड कशाला? आमच्या ओळखीच्या एका एजन्सीने साडेतीन लाखांत सगळं करून दिलं, व्हिसापासून राहण्याच्या जागेपर्यंत. पैसे फेका, निवांत बसा.

ईसारतीर

संदीप, तुमचं काम झालं याचा आनंद आहे. पण ज्याच्या हातात करार आहे अशा इंजिनियरला एजन्सी नेमकं काय देते? अर्ज परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर स्वतःच भरायचा असतो, व्हिसाची फी ७५ युरो, बोटांचे ठसे स्वतःच जाऊन द्यायचे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या लोकांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास. यातलं काहीच एजंट तुमच्याऐवजी करू शकत नाही. अपॉइंटमेंट "आतून" मिळवून देतो असं सांगणाऱ्यापासून तर दूरच राहा.

सदाफुली

मी मूळची मिरजेची, स्टाफ नर्स. आता जर्मनीत आहे. संदीप यांच्या प्रतिसादावर आणि गोदाकाठी यांच्या पत्नीबद्दल, दोन्हीवर लिहायचंय, थोडं मोठं होईल.

आम्हा नर्सेसना एजन्सीशिवाय येणं अवघड असतं हे मान्य, कारण भाषा, हॉस्पिटलशी गाठ, मान्यता हे सगळं एकदम लागतं. पण पैसे कोण देतं ते बघा. माझ्यासमोर एका एजन्सीने जो करार ठेवला त्यात लिहिलं होतं की दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेच्या क्लासपासून विमानाच्या तिकिटापर्यंतचा सगळा खर्च मी परत करायचा, आणि मूळ प्रमाणपत्रं तोवर त्यांच्याकडे. मी सही केली नाही. मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नका, मुलींनो! जर्मनीत नर्सिंगच्या भरतीसाठी सरकारी दर्जाचिन्ह आहे, 'फेअरे आन्वेर्बुंग फ्लेगे डॉइचलान्ड' नावाचं. ते ज्या संस्थांकडे आहे त्यांना उमेदवाराकडून भरतीचा खर्च घेता येत नाही. तेच शोधा.

आता गोदाकाठी दादा, वहिनींबद्दल. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेची अट नाही आणि राहण्याच्या परवान्यावर कुठलीही नोकरी करायची मुभा असते. पण नर्स म्हणून काम करायला ही मुभा पुरत नाही. नर्सिंग, डॉक्टरी, फिजिओथेरपी हे नियंत्रित व्यवसाय आहेत. तिथे राज्याच्या कार्यालयाकडून आपल्या शिक्षणाला मान्यता मिळाल्याशिवाय त्या पदाचं नावसुद्धा लावता येत नाही. तोवर मदतनीस म्हणून काम करता येतं आणि पगार अर्थातच कमी.

मान्यतेचा अर्ज केला की बहुतेक भारतीयांना एक पत्र येतं, त्याला 'डेफिझिटबेशाइड' म्हणतात. माझ्या पत्रात एकेका विषयाचे तास लिहिलेले होते: वृद्धांची शुश्रूषा, घरी जाऊन शुश्रूषा, यात आपल्याकडचे तास कमी पडतात. ते भरून काढायला दोन मार्ग. एक ज्ञानचाचणी, दुसरा हॉस्पिटलमध्येच काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम. दोन्हींनंतर शेवटचं प्रमाणपत्र हातात पडायला बी-२ पातळीचं जर्मन लागतं (ए-१ सगळ्यात खालची पातळी, मग ए-२, बी-१, बी-२).

म्हणून वहिनींना आत्ताच सांगा, नोकरी सोडण्याआधी कॉलेजच्या प्राचार्यांकडून थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या तासांचा विषयवार तक्ता सही-शिक्क्यासह घ्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, गुड स्टँडिंग प्रमाणपत्र काढून ठेवा, आठ वर्षांच्या अनुभवाच्या पत्रात कुठल्या वॉर्डात किती काळ ते लिहून घ्या. आयसीयूचा अनुभव असेल तर तो तासांची कमतरता भरून काढायला मोजला जाऊ शकतो. आणि जर्मन आजपासून सुरू. अट नाही म्हणून आरामात येणाऱ्या बायका इथे वर्षानुवर्षं घरात अडकतात, मी बघते ना रोज. आठ वर्षं हॉस्पिटल सांभाळलेल्या बाईला असं घरात बसलेलं बघवत नाही.

गोदाकाठी

सदाफुली ताई, तुमचा प्रतिसाद बायकोने स्वतः वाचला. ती उद्याच कॉलेजला जातेय. तिने चार वर्षं आयसीयूत काढली आहेत, ते आम्ही अनुभवपत्रात घालायचं म्हणतच नव्हतो!

आबा सातारकर

नमस्कार. माझा मुलगा ४७ वर्षांचा आहे, एम.सी.ए., पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याला एका सल्लागाराने सांगितले की पंचेचाळिशीनंतर जर्मनीचा परवाना मिळत नाही. हे खरे आहे का? तो फार खचला आहे.

ईसारतीर

आबा, अर्धवट खरं आहे आणि त्या अर्धवटपणामुळेच माणसं खचतात. पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेल्यांना पहिल्यांदा कुशल कामगाराचा साधा परवाना (कायद्यातलं कलम १८ ए किंवा १८ बी) हवा असेल तर पगाराची वेगळी अट आहे, २०२६ मध्ये वर्षाला ५५,७७० युरो. किंवा म्हातारपणाची पुरेशी सोय असल्याचा पुरावा द्यायचा. ब्लू कार्ड मात्र वेगळ्या कलमात येतं, १८ जी. त्याला ही वयाची अट नाही. तुमच्या मुलाची पदवी मान्य असेल आणि पगार ब्लू कार्डाच्या मर्यादेत बसत असेल तर वय आड येणार नाही. आयटी असल्यामुळे त्यालाही कमी मर्यादा लागू होईल.

त्यांना सांगा, निर्धास्त अर्ज करा. इतक्या वर्षांचा अनुभव ही तिकडे फार मोलाची गोष्ट आहे.

आबा सातारकर

मनापासून धन्यवाद. आजच त्याला वाचायला देतो.

चिपळूणकर

अवांतर होतंय, पण धाग्यात एजंटांचा विषय निघालाच आहे म्हणून. माझा चुलतभाऊ वेल्डर आहे, दहावी नापास. त्याला दुबईला नेतो म्हणून एकाने एक लाख वीस हजार मागितलेत. "आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे वर्क परमिट करू" म्हणतो.

एचआरवाली_पुणे

पैसे देऊ नका. थांबवा त्याला, आजच.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) असा शेरा असतो. आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही मंजुरी त्यांच्याच रक्षणासाठी आहे, कारण त्यासाठी तिकडच्या मालकाचा करार आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढवावा लागतो. व्हिजिट व्हिसावर नेणारा माणूस नेमकं हेच टाळत असतो. उद्या तिकडे पगार बुडाला, पासपोर्ट काढून घेतला तर हातात काहीच कागद नसतो.

परदेशी भरती करणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, कायदा १९८३ चा आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटवर आहे, तिथे नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही जुळवा. उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. कायदेशीर मार्गाने गेला तर प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचा विमासुद्धा मिळतो. चांगला वेल्डर असेल तर त्याला रीतसर काम नक्की मिळेल, चार महिने उशिरा गेला तरी चालेल.

चिपळूणकर

यादीत बघितलं. त्या नावाचा कोणी नाही. भावाला फोन करून थांबवलंय, काकूंनाही सांगितलं. तुमचे आभार कसे मानू!

हिंजवडी_ते_हाम्बुर्ग

मूळ विषयाकडे. मला कंपनीने पाठवलं होतं, आयसीटी कार्डावर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत बदलीवर जाणाऱ्यांच्या परवान्यावर. ज्यांना आपल्याच कंपनीकडून जर्मनीला जायची संधी येते त्यांनी फरक समजून घ्यावा. आयसीटीमध्ये नोकरी भारतातल्या कंपनीचीच राहते, व्यवस्थापक आणि तज्ज्ञ जास्तीत जास्त तीन वर्षं राहू शकतात, तिथे दुसरी नोकरी धरता येत नाही. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे पाठवलेल्या माणसाचा पीएफ इथेच चालू राहतो आणि तिकडे पेन्शनची वर्गणी भरावी लागत नाही. हातात पैसा दिसतो, पण तिकडे रुजायचं असेल तर हा रस्ता नव्हे. गोदाकाठी यांना जर्मन कंपनीचा थेट करार मिळतोय ही फार चांगली गोष्ट आहे.

कारण ब्लू कार्डावर ए-१ एवढं जर्मन आणि २७ महिन्यांच्या नोकरीनंतर कायमस्वरूपी परवाना मागता येतो. बी-१ असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिने वाचतात ते निव्वळ भाषेमुळे.

नोकरी बदलायची झाली तर पहिल्या बारा महिन्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला आधी कळवायचं. ते तीस दिवसांपर्यंत बदल थांबवून तपासणी करू शकतात. नंतर ते बंधन नाही. आणि देव न करो, पण नोकरी गेलीच तर दोन आठवड्यांत स्वतः त्या कार्यालयाला कळवायचं. कंपनीही चार आठवड्यांत कळवतेच, त्यामुळे लपवून काही साधत नाही. तीन महिन्यांपर्यंत बेकार असणं एवढ्याच कारणाने ब्लू कार्ड काढून घेत नाहीत. हे लोकांना माहीत नसतं आणि घाबरून परतीचं तिकीट काढतात.

गोदाकाठी

मंडळी, अपडेट द्यायला आलो. कंपनी जलद प्रक्रियेला तयार झाली, फी त्यांनीच भरली. करारात व्हिसाचं वाक्य घातलं. पदाचं नाव एर्क्लेरुंगमध्ये वेगळं आलं होतं, एचआरवाली यांच्यामुळे सहीआधीच लक्षात आलं आणि बदलून घेतलं. मुंबईला जाऊन ठसे दिले, आणि काल पासपोर्ट घरी आला! व्हिसाच्या स्टिकरवर कंपनीचं नाव आणि कलम १८ जी दोन्ही छापलंय. राजीनामा आज सकाळी दिला.

बायको आणि मुलगी चार-पाच महिन्यांनी येतील, शाळेचं वर्ष संपल्यावर. तिचा ए-१ चा क्लास सुरू झालाय. प्राचार्यांनी तासांचा तक्ता दिला, विषयवार, प्रत्येक पानावर शिक्का मारून.

आता पोचल्यावर पहिल्या महिन्यात काय करायचं तेवढं सांगा.

सदाफुली

वाचून खूप खूप बरं वाटलं. वहिनींना माझ्याकडून शाबासकी, आणि तो तक्ता स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा.

ईसारतीर

वा! आता क्रमाने ऐका, कारण एकावर दुसरं अवलंबून आहे.

घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद, 'आनमेल्डुंग'. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, भाडेकरार पुरत नाही. त्यामुळे तात्पुरती खोली घेतानाच "नोंदणी करून द्याल ना?" हे विचारून घ्या. नोंदणी झाली की कर क्रमांक पोस्टाने येतो, म्हणून टपालपेटीवर तुमचं आडनाव चिकटवा. हे नक्की करा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि मग पगारातून सगळ्यात जास्त दराने कर कापला जातो. आरोग्य विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून चालू होतो. आधी पोचत असाल तर मधल्या दिवसांसाठी प्रवासी विमा असू द्या.

मग ब्लू कार्ड. तुमच्याकडे आहे तो प्रवेशाचा व्हिसा. काम लगेच सुरू करता येईल, पण प्लास्टिकचं कार्ड तिथल्या कार्यालयातून घ्यायचं. व्हिसा संपायची वाट बघू नका, आनमेल्डुंग झाली की त्याच आठवड्यात अर्ज टाका. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटला फार वेळ लागतो. फोटो आता कागदावर चालत नाही, मे २०२५ पासून डिजिटलच. कार्यालयातल्या यंत्रावर किंवा मान्यताप्राप्त फोटोवाल्याकडे काढायचा. कार्ड बर्लिनला छापून येतं, त्यात काही आठवडे जातात. दरम्यान व्हिसा संपत आला तर 'फिक्सिऑन्सबेशाइनिगुंग' मागा, म्हणजे तुमचा अर्ज विचाराधीन आहे आणि तोवर राहण्याचा हक्क कायम आहे असा कागद. तो हातात घेऊन भारतात यायचं असेल तर त्यावर कुठल्या रकान्यात खूण केलीय ते विचारूनच तिकीट काढा. सगळ्या प्रकारांवर परत प्रवेश मिळत नाही.

कार्डासोबत घडीचा एक हिरवट कागद मिळतो. लोक तो पाकिटात टाकून विसरतात. कुठलं काम, काय अटी, हे त्यावर लिहिलेलं असतं. घेताना तिथल्या तिथे वाचा. काही चूक असेल तर काउंटरवरच सांगा.

मृण्मयी

यात एक भर. मूळ प्रमाणपत्रं हँडबॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही. आणि पत्नी-मुलीचा अर्ज तुम्ही पोचण्याची वाट न बघता पोर्टलवर सुरू करता येतो. विवाह प्रमाणपत्र, मुलीचा नवीन जन्मदाखला, तुमचा करार आणि व्हिसाची प्रत जोडा. घराच्या जागेचा पुरावा नंतर मागितला तर देता येईल. त्यांची तारीख लवकर मिळेल.

गोदाकाठी

टपालपेटीचं आणि हिरव्या कागदाचं लिहून घेतलं. पत्नीचा अर्ज आज रात्रीच सुरू करतो. मृण्मयी, जन्मदाखल्याची नवीन प्रत महापालिकेतून मिळाली, आईचं पूर्ण नाव आलंय. मुलीचा शाळेचा दाखला इंग्रजीत घ्यावा लागेल का?

मृण्मयी

हो, इंग्रजीत घ्या, सोबत मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक आणि लसीकरणाचं कार्ड. गोवरच्या लशीचा पुरावा जर्मन शाळेत सक्तीचा आहे. दोन डोसच्या तारखा कार्डावर नीट वाचता येतात का बघा, नाहीतर डॉक्टरांकडून इंग्रजीत वेगळं लिहून घ्या.